दुरुस्तीनंतर कुलंट जाते कुठे?

वॉटर पंप बदलायचा असो, रेडिएटर काढायचा असो, हेड गॅस्केट घालायचे असो की टायमिंग बेल्टसाठी इंजिनाची पुढची बाजू उघडायची असो, कुलंट आधी खाली काढावे लागते आणि काम संपल्यावर पुन्हा भरावे लागते. गाडी तापण्याच्या कितीतरी तक्रारी याच टप्प्यावर सुरू होतात. गाडी गॅरेजमधून नीट निघते. दोन-चार दिवसांनी बाटलीतली पातळी उतरलेली दिसते, काटा नेहमीपेक्षा वर चढतो किंवा चढणीला बॉनेटखालून वाफ येते. मालकाला वाटते, मूळ दोष तसाच राहिला. मेकॅनिकला वाटते, आता हेडच खोलावे लागणार. दोघांनीही थोडे थांबायला हवे, कारण कुलंट कमी होण्याची कारणे मोजकीच आहेत. एक तर आत अडकलेली हवा निघून जाते आणि तिची जागा कुलंट घेते, नाही तर ते एखाद्या जोडातून बाहेर गळते, नाही तर इंजिनाच्या आतच झिरपते. याखेरीज असेही होते की कुलंट कुठेच जात नाही, पण दुरुस्ती करताना एखादा भाग उलटा बसलेला असतो किंवा जोडायचा राहिलेला असतो आणि त्यामुळे गाडी तापते. हे सारे ओळखण्याच्या चाचण्या स्वस्त आहेत. त्या क्रमाने केल्या तर बऱ्याचदा हेडला हात लावायची वेळच येत नाही.

आंबेगाव तालुक्याच्या पूर्व भागातील लोणीसारख्या गावात हा क्रम माहीत असण्याला जास्तच मोल आहे. लोणी-धामणीचा हा पट्टा कमी पावसाचा. इथला माल मंचरच्या बाजारात जातो. तिथून पुणे-नाशिक महामार्गाने खाली राजगुरुनगर-चाकणकडे किंवा वर नारायणगाव-आळेफाट्याकडे आणि आळेफाट्याहून माळशेज घाट उतरून कल्याणकडे, असा इथल्या पिकअप आणि टेम्पोंचा फेरा असतो. इंजिनाचे मोठे काम गावात होत नाही, त्यासाठी गाडी मंचर, नारायणगाव किंवा पुण्याच्या बाजूला न्यावी लागते. तेच काम पुन्हा उघडायचे म्हणजे दोन दिवसांचे भाडे बुडते. कांद्याचा किंवा टोमॅटोचा हंगाम असेल तर माल शेतात पडून राहतो. म्हणून थंड इंजिनावर घरच्या घरी काय पाहता येते, हे मालकालाही कळायला हवे.

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकी साधारण एक तृतीयांश ऊर्जा उष्णतेच्या रूपात कुलंटमार्फत बाहेर टाकावी लागते. वॉटर पंप, ज्याला बरेच मेकॅनिक ‘वॉटर बॉडी’ म्हणतात, कुलंटला सिलिंडरभोवतीच्या आणि हेडमधल्या पोकळ्यांतून फिरवतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट वॉल्व्ह रेडिएटरची वाट बंद ठेवतो, त्यामुळे इंजिन लवकर गरम होते. बहुतेक गाड्यांत तो ८२ ते ८८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडू लागतो आणि तापलेले कुलंट वरच्या होस पाइपमधून रेडिएटरमध्ये जाते. तिथे पातळ नळ्यांमधून उतरताना ते निवते आणि खालच्या होसमधून पुन्हा पंपाकडे येते. गाडी वेगात असताना समोरून येणारी हवा पुरते. गाडी उभी असताना किंवा हळू चालताना मात्र सारा भार पंख्यावर येतो.

या रचनेत सर्वांत दुर्लक्षित राहणारा भाग म्हणजे रेडिएटरचे किंवा बाटलीचे झाकण. ते कुकरच्या शिट्टीसारखे काम करते. आत साधारण ०.९ ते १.१ बार दाब साठेपर्यंत ते वाट बंद ठेवते. लोणीच्या आसपास, म्हणजे समुद्रसपाटीपासून सहा-सातशे मीटर उंचीवर, उघड्या भांड्यातले पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते आणि इंजिनाचे नेहमीचे तापमान त्याच्या फार खाली नसते. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल असे मिश्रण असेल आणि त्यावर एक बार दाब असेल, तर उकळण्याचा बिंदू १२५ अंशांच्या आसपास जातो. म्हणजेच झाकणाचे रबर वाळले किंवा दुसऱ्याच गाडीचे झाकण बसवले, की इंजिनात काहीही बिघाड नसताना कुलंट उकळून बाटलीत येते आणि तिथून बाहेर सांडते. याच झाकणात उलट्या दिशेने उघडणारी एक छोटी झडपही असते. इंजिन निवताना आतले कुलंट आकसते, तेव्हा ती बाटलीतून कुलंट परत आत घेते. ती अडकली तर सकाळी वरचा होस पाइप चेपलेला दिसतो. मोठ्या दुरुस्तीनंतर झाकण नवे घालणे हा सर्वांत स्वस्त विमा आहे, पण बिलात ते क्वचितच दिसते.

आता पहिले कारण, म्हणजे हवा. रिकाम्या इंजिनात कुलंट ओतले की ते खालून वर चढते आणि उंचावरच्या वळणांत हवा कोंडली जाते. हेडचा वरचा भाग, हीटरकडे जाणारे पाइप आणि थर्मोस्टॅटची मागची बाजू या तिच्या ठरलेल्या जागा. गॅरेजच्या भाषेत ‘एअर धरली’. ही हवा निरुपद्रवी नसते. धातूला द्रव लागला नाही तर तिथली उष्णता निघत नाही, आणि पंपाच्या पंख्यात हवा शिरली तर तो कुलंट ढकलूच शकत नाही. त्याहून फसवी गोष्ट तापमानाच्या सेन्सरची. तो द्रवात बुडालेला असेल तेव्हाच खरे तापमान सांगतो. त्याच्याभोवती हवेचा बुडबुडा असला तर इंजिन उकळत असतानाही काटा खाली राहू शकतो. म्हणून दुरुस्तीनंतरच्या पहिल्या फेरीत काट्यावर पूर्ण विसंबू नये.

हवा अडकल्याच्या खुणा ओळखता येतात. हीटर पूर्ण गरमवर ठेवूनही कधी गरम, कधी थंड वारा येतो. डॅशबोर्डच्या मागून पाणी खळखळल्यासारखा आवाज येतो. काटा चढतो आणि एकदम उतरतो. वरचा होस चटका बसेल इतका तापलेला असतो, पण खालचा गार असतो. मात्र बंद अडकलेल्या थर्मोस्टॅटमुळेही खालचा होस गारच राहतो, त्यामुळे केवळ या खुणेवर निकाल देता येत नाही. आधी हवा नीट काढायची आणि मगच थर्मोस्टॅटवर संशय घ्यायचा.

हवा काढण्याची रीत गाडीप्रमाणे बदलते, तत्त्व एकच असते. भरण्याचे तोंड ही सर्वांत उंच जागा व्हायला हवी, म्हणून गाडीचे पुढचे तोंड चढावर ठेवतात. हीटर पूर्ण गरमवर ठेवतात, म्हणजे ज्या गाड्यांत हीटरकडे जाणारा वॉल्व्ह असतो तिथे ती वाटही उघडी राहते. हवा काढण्याचा स्क्रू दिलेला असेल तर त्यातून बुडबुड्यांशिवाय सलग धार येईपर्यंत तो उघडा ठेवतात. कुलंट हळूहळू ओततात आणि मधूनमधून वरचा होस हाताने दाबतात. मग इंजिन संथ गतीवर ठेवून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत, म्हणजे खालचा होस तापेपर्यंत, वाट पाहतात. विजेचा पंखा दोनदा सुरू होऊन बंद झाला की इंजिन बंद करून पूर्ण निवू देतात आणि पातळी पुन्हा भरतात. ही शेवटची पायरी घाईत सर्वांत जास्त गाळली जाते, कारण इंजिन निवायला तास-दोन तास लागतात आणि ग्राहक बाहेर उभा असतो. काही गॅरेजांत व्हॅक्यूमने भरण्याचे साधन असते. ते आधी आतली हवा ओढून घेते आणि मग कुलंट आत सोडते. अवघड वळणांच्या नव्या इंजिनांना ही रीत जास्त चांगली.

इथे बाटलीच्या प्रकाराकडे लक्ष द्यायला हवे. काही गाड्यांत बाटलीवरच दाबाचे झाकण असते आणि सारे कुलंट तिच्यातूनच भरायचे असते. काहींत रेडिएटरला स्वतंत्र झाकण असते आणि बाटली केवळ सांडलेले कुलंट साठवते. दुसऱ्या प्रकारात बाटली काठोकाठ भरली तरी रेडिएटर अर्धा रिकामा असू शकतो. बाटली भरलेली पाहून समाधान मानल्याने इंजिने जळालेली आहेत.

हवा काढल्यावरही थोडी आत राहते आणि पुढच्या दोन-तीन तापण्या-निवण्यांत आपोआप बाहेर येते. तेवढ्या काळात पातळी थोडी उतरणे हा दोष नव्हे. फरक कळण्यासाठी पातळी नेहमी सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी, सपाट जागेवर पाहावी आणि बाटलीवर खडूने खूण करावी. पाच लिटर कुलंट तापल्यावर सुमारे दोनशे मिलिलिटरने फुगते, त्यामुळे काल संध्याकाळची पातळी आणि आज सकाळची पातळी यांची तुलना निरर्थक ठरते. सकाळच्या खुणा तीन-चार दिवसांत एका जागी स्थिरावल्या तर कुलंटच्या जागी हवाच होती, असे समजावे. उतरण चालूच राहिली तर गळती शोधायला लागावे.

बाहेरची गळती शोधताना पहिला नियम असा, की शेवटी ज्या जोडाला हात लागला तिथून सुरुवात करावी. पंप बदलला असेल तर पंपाचे गॅस्केट आणि त्याच्या शेजारचे होस, रेडिएटर काढला असेल तर दोन्ही होसच्या क्लिपा आणि खालचा नळ. जुन्या होसवर जुन्या क्लिपेचा खोल वळ पडलेला असतो. क्लिप त्या वळापासून थोडी सरकली, तर थंड असताना थेंब पडतात आणि तापल्यावर रबर फुगून गळती थांबते. म्हणून गळती शोधायची ती थंड इंजिनावरही आणि गरम इंजिनावरही. गरम भागावर पडलेला थेंब जमिनीपर्यंत पोचत नाही, त्याची वाफ होते आणि मागे हिरवा, गुलाबी किंवा पांढुरका डाग राहतो. अंगणात ओल दिसत नाही म्हणून गळती नाही, असे म्हणता येत नाही. वॉटर पंपाच्या खालच्या बाजूला एक बारीक भोक असते. सील गेल्यावर कुलंट बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर यावे, यासाठी ते ठेवलेले असते. नव्या पंपाचे सील बसेपर्यंत तिथे क्षणभर ओल दिसू शकते, पण सलग ओघळ आला तर पंपच सदोष समजावा. ते भोक सीलंटने बुजवणे हा मूर्ख उपाय आहे.

डोळ्यांना काही दिसले नाही तर दाबाची चाचणी करतात. थंड इंजिनावर झाकणाच्या जागी हातपंप बसवून झाकणावर छापलेल्या दाबाइतकी हवा भरतात आणि दहा-पंधरा मिनिटे काटा पाहतात. काटा उतरला आणि बाहेर ओल दिसली तर जागा सापडली. काटा उतरला पण बाहेर सारे कोरडे असेल तर दोन शक्यता उरतात. एक हीटरच्या कोअरची, जिच्यात पुढच्या सीटखालचे कार्पेट ओले होते, काच आतून तेलकट धुरकट होते आणि केबिनमध्ये गोडसर वास येतो. दुसरी इंजिनाच्या आतल्या गळतीची. हा हातपंप महागडा नाही आणि एका गॅरेजमध्ये तो वर्षानुवर्षे चालतो. तो नसलेल्या गॅरेजमध्ये ‘हेड गेले’ हा निकाल ऐकला, तर त्यावर लगेच विश्वास ठेवू नये.

यानंतर येतात बसवताना राहिलेल्या चुका. थर्मोस्टॅटची स्प्रिंगकडची बाजू इंजिनाकडे असायला हवी. तो उलटा बसला तर त्याचा मेणाचा भाग गार बाजूला येतो आणि वॉल्व्ह वेळेवर उघडत नाही. त्याच्या चकतीवर हलणारी छोटी पिन असेल तर ती वर ठेवायची असते, कारण तिच्या फटीतून हवा निसटते. ‘गाडी तापते, थर्मोस्टॅटच काढून टाक’ हा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो. त्याने इंजिन नेहमी गार राहते, इंधन जास्त जाते, आणि ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट बायपासची वाटही बंद करतो तिथे गरम कुलंट रेडिएटरला वळसा घालून परत जाते, म्हणजे चढणीला गाडी आणखीच तापते. थर्मोस्टॅट चांगला आहे की नाही हे स्वयंपाकघरातही तपासता येते. जुन्या पातेल्यात पाणी घ्यावे, त्यात तो दोऱ्याने लोंबता सोडावा, शेजारी थर्मामीटर धरावा आणि पाणी तापवावे. त्याच्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे आणि निवल्यावर पूर्ण मिटला पाहिजे. लोणीच्या जवळच, शिरूर तालुक्यातील पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तो हाताने काम करत विज्ञान शिकण्यासाठी. थर्मोस्टॅटची ही परीक्षा त्याच वळणाची आहे. यंत्राबद्दल अंदाज बांधण्याऐवजी त्याला प्रश्न विचारायचा आणि त्याचे उत्तर डोळ्यांनी पाहायचे.

पंख्याचा किंवा तापमानाच्या सेन्सरचा कनेक्टर लावायचा राहणे ही दुसरी नेहमीची चूक. सेन्सरचा कनेक्टर निघालेला असेल तर अनेक गाड्यांत संगणक खबरदारी म्हणून पंखा सतत चालू ठेवतो आणि इंजिनाचा दिवा लागतो. पंख्याचा कनेक्टर निघालेला असेल तर काहीच दिवा न लागता गाडी उभ्या जागी तापते. एसी सुरू करून पाहावे, बहुतेक गाड्यांत त्याबरोबर पंखा फिरायला लागतो. नव्या गाड्यांत डॅशबोर्डवरचा काटा मुद्दाम मऊ केलेला असतो. तो तापमानाच्या बऱ्याच मोठ्या पट्ट्यात मधोमध स्थिर राहतो, आणि तो हलला तोवर उशीर झालेला असतो. स्कॅनर लावून प्रत्यक्ष अंश वाचणे हा चांगला मार्ग. पी ०१२८ हा कोड आला तर इंजिन अपेक्षित तापमानापर्यंत पोचत नाही, म्हणजे थर्मोस्टॅट उघडा अडकला असावा किंवा कुलंट कमी असावे.

गाडी कुठे तापते, यातही निदान दडलेले असते. मंचरच्या बाजारात गर्दीत रांगेत उभी असताना काटा चढतो आणि महामार्गावर आली की उतरतो, तर संशय पंख्यावर, त्याच्या रिलेवर किंवा पंख्याला हवा धरून देणारे प्लास्टिकचे आवरण काढल्यावर परत बसवले की नाही, यावर घ्यावा. सपाट रस्त्यावर ठीक असते आणि माल भरून खेड घाट किंवा माळशेज चढताना तापते, तर कुलंटचा प्रवाह किंवा रेडिएटरची क्षमता कमी पडते आहे, असे समजावे. आतून क्षारांनी भरलेला रेडिएटर, घसरणारा बेल्ट, झिजलेला पंप किंवा हेड गॅस्केटची सुरुवातीची गळती, यांपैकी काहीही असू शकते. याच पट्ट्यात आणखी एक साधे कारण सापडते. उसाचे पाचट, बाजरीचे भुसकट आणि कच्च्या रस्त्याची धूळ रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरच्या मध्ये जाऊन बसते. समोरून रेडिएटर स्वच्छ दिसतो, कारण कचरा या दोन जाळ्यांच्या मध्ये असतो. इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला मंद धारेने पाणी मारले की तो बाहेर येतो. जोराच्या फवाऱ्याने पंख मुडपतात आणि नवाच दोष तयार होतो. गॅरेजच्या आवारात संथ गतीवर ठेवून घेतलेली चाचणी चढणीवरच्या तक्रारीबद्दल काहीच सांगत नाही. तिची परीक्षा माल भरून घाटातच घ्यावी लागते.

इतके सारे तपासूनही सकाळची पातळी उतरतच असेल तर इंजिनाच्या आतल्या गळतीकडे वळावे. हेड गॅस्केट हा हेड आणि ब्लॉक यांच्यामधला पातळ थर असतो, आणि एकाच वेळी जळणारा वायू, तेल आणि कुलंट यांना तो एकमेकांपासून वेगळे ठेवतो. डिझेल इंजिनात स्फोटाच्या क्षणी सिलिंडरमधला दाब शंभर बारच्या पुढे जातो, तर कुलंटमधला दाब जेमतेम एक बार असतो. गॅस्केटला बारीकशी वाट मिळाली तर आधी वायू कुलंटमध्ये घुसतो आणि इंजिन बंद झाल्यावर कुलंट उलट सिलिंडरमध्ये झिरपते. यावरून खुणांचा अर्थ लागतो. थंड इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच, कुलंट तापण्याआधी, वरचा होस दगडासारखा कडक होतो. रात्रभर निवलेल्या इंजिनाचे झाकण सकाळी उघडताच फुस्स असा आवाज येतो. सुरू करताना एक सिलिंडर अडखळतो आणि पांढरा, गोडसर वासाचा धूर बराच वेळ येत राहतो. पेट्रोल इंजिनात एक स्पार्क प्लग बाकीच्यांपेक्षा विलक्षण स्वच्छ दिसतो, कारण वाफेने तो धुऊन निघालेला असतो.

तेलात दुधासारखा पिवळट फेस दिसला तर कुलंट तेलात गेले, हा समज बऱ्याच अंशी खरा आहे, पण एक अपवाद आहे. जुन्नर-आंबेगावात हिवाळ्याच्या पहाटे चांगलीच थंडी पडते. रोज केवळ दोन-तीन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत हवेतली वाफ तेलाच्या झाकणाखाली साठते आणि तिथे तसाच फेस तयार होतो. फेस केवळ झाकणावर असेल आणि डिपस्टिकवरचे तेल स्वच्छ असेल तर घाबरू नये. लांबची एक फेरी मारल्यावर तो जातो.

गॅस्केटची खात्री करण्यासाठी निळ्या रसायनाची चाचणी आहे. रेडिएटरच्या तोंडावर काचेची नळी बसवून कुलंटवरची हवा या रसायनातून ओढतात. तीत दहनाचा कार्बन डायऑक्साइड असेल तर निळा रंग पिवळा होतो, डिझेलच्या बाबतीत बहुधा हिरवट होतो. चाचणीपूर्वी कुलंटची पातळी थोडी खाली आणावी, म्हणजे ते नळीत ओढले जाणार नाही. संथ गतीवरच्या डिझेल इंजिनाच्या धुरात कार्बन डायऑक्साइड कमी असतो, त्यामुळे एकदा रंग न बदलणे हा निर्दोषत्वाचा पुरावा नव्हे. इंजिनावर भार देऊन चाचणी पुन्हा करावी, किंवा एकेका सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का ते पाहावे. बुडबुड्यांवरूनही ताळा घेता येतो. अडकलेल्या हवेचे बुडबुडे हळूहळू संपतात. गॅस्केटमधून येणारे बुडबुडे संपत नाहीत आणि रेस वाढवली की वाढतात.

गॅस्केट नुकतेच बदललेले असूनही ते पुन्हा गेले, तर दोष बहुधा गॅस्केटचा नसतो. तापलेले ॲल्युमिनियमचे हेड वाकते. सरळपट्टी आणि फीलर गेजने मोजल्यावर एक दशांश मिलिमीटरचा फरकसुद्धा पुष्कळ इंजिनांना चालत नाही. हेड मशीनवर सपाट करून घेतले तरी ब्लॉकचा पृष्ठभाग कुणी पाहिलेला नसतो. बोल्टच्या भोकांत तेल किंवा कुलंट साचलेले असेल तर बोल्ट घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण हेड दाबले जात नाही, आणि कधी ब्लॉकच तडकतो. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, ठरलेल्या टप्प्यांत आणि टॉर्क रेंचने आवळावे लागतात. अनेक नव्या इंजिनांचे बोल्ट आवळताना ताणले जातात, आणि निर्मात्याने पुन्हा वापरू नका म्हटले असेल तर नवे घ्यावेच लागतात. अंदाजाने आवळलेले हेड महिनाभर चालेलही, पण पहिल्या मोठ्या चढणीवर ते सोडते. डिझेल गाडीत आणखी एक चोरवाट असते, ती एक्झॉस्टचा वायू गार करणाऱ्या ईजीआर कूलरची. तो फुटला तर कुलंट थेट एक्झॉस्टमध्ये जाते आणि बाहेर थेंबही दिसत नाही. गॅस्केट चांगले निघूनही कुलंट नाहीसे होत असेल तर आधी तो तपासावा.

आता भरायचे काय, हा प्रश्न. लोणीच्या बाबतीत तो सर्वांत महत्त्वाचा आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपलेल्या बोअरच्या आणि विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट भरपूर असते. असे पाणी तापले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा थर जिथे धातू सर्वांत गरम असतो तिथेच, म्हणजे हेडमधल्या अरुंद वाटांत बसतो. हा थर उष्णता अडवतो. बाहेरून रेडिएटर गार लागतो आणि आत हेड भाजत असते. पूर्वी एसटी आणि मालट्रकचे चालक घाटमाथ्यावर थांबून डब्याने पाणी ओतत. त्या काळच्या लोखंडी इंजिनांना आणि पितळी रेडिएटरांना ते सोसत असे. आजच्या ॲल्युमिनियमच्या हेडला ते सोसत नाही. वाटेत नाइलाजाने नळाचे पाणी भरावे लागले तर घरी आल्यावर ते काढून टाकावे. कायमच्या भरणीसाठी डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणीच वापरावे.

आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कुलंट कशाला, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. इथिलीन ग्लायकॉलचा गोठण्यापासून बचाव हा एक गुण झाला. आपल्याला त्याचा उपयोग उत्कलनबिंदू वाढवण्यासाठी होतो, आणि त्याहून मोठा उपयोग त्यात मिसळलेल्या गंजरोधक रसायनांचा असतो. ती ॲल्युमिनियम, पितळ आणि पंपाचे सील सांभाळतात. मात्र जास्त घातल्याने जास्त फायदा होत नाही. ग्लायकॉलची उष्णता वाहून नेण्याची क्षमता पाण्यापेक्षा कमी आहे. कॉन्सन्ट्रेट पाणी न मिसळता भरले तर गाडी जास्त तापते. डब्यावर ‘रेडी टू यूज’ असेल तर पाणी घालू नये, कॉन्सन्ट्रेट असेल तर निर्मात्याने सांगितल्याप्रमाणे एक तृतीयांश ते निम्मे ठेवावे. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब टाकला की हे प्रमाण कळते.

रंगावरून कुलंट निवडणे ही सर्वदूर पसरलेली चूक आहे. हिरवा, लाल, गुलाबी, निळा हे रंग निर्माते आपापल्या सोयीने घालतात. खरा फरक आतल्या रसायनांत असतो. जुन्या पद्धतीची सिलिकेट-फॉस्फेटवाली कुलंटे वेगळी आणि सेंद्रिय आम्लांवर आधारलेली दीर्घायुषी कुलंटे वेगळी. दोन्ही मिसळली तर गंजरोधकांचे आयुष्य घटते, आणि काही मिश्रणांत जेलीसारखा गाळ तयार होऊन रेडिएटरच्या नळ्या बुजतात. फॉस्फेटवाल्या कुलंटमध्ये जड पाणी घातले तर फॉस्फेट कॅल्शियमला धरून स्वतःच क्षार बनतो. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला प्रकार पाहावा आणि डब्यावर आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ यांसारखे मानक छापले आहे का तेही पाहावे. आधी काय भरले होते ते माहीत नसेल तर सारे धुऊन नवे भरावे.

गळतीवर रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा उपाय अजून चालतो. हळदीचे कण फुगून बारीक भोक बुजवतात, हे खरे. पण चांगली नळी आणि गळकी नळी यातला फरक हळदीला कळत नाही. हीटर, थर्मोस्टॅट आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या अशा सगळीकडे ती साचते, आणि नंतर केलेल्या प्रत्येक चाचणीचा अर्थ बिघडवते. रस्त्यात अडकलेल्या गाडीला गावापर्यंत आणण्यापुरता तो उपाय क्षम्य आहे. पोचल्यावर व्यवस्था धुवावी लागते.

या साऱ्या कामात दोन धोके खरे आहेत. तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडले की दाब अचानक सुटतो, आत शंभराहून जास्त अंशांवर असलेले कुलंट क्षणात उकळून उसळते आणि चेहरा, हात भाजतात. वरचा होस हाताला मऊ आणि कोमट लागेपर्यंत झाकणाला हात लावू नये. दुसरा धोका विषाचा. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते. शरीरात त्याचे ऑक्झॅलिक आम्ल होते आणि मूत्रपिंडे निकामी होतात. अंगणात सांडलेले किंवा उघड्या भांड्यात ठेवलेले कुलंट कुत्री, मांजरे, वासरे चाटतात, आणि लहान मुलांनाही तोच धोका असतो. खाली काढलेले कुलंट झाकणाच्या डब्यात भरावे, पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ठेवू नये, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये आणि जुन्या तेलाबरोबर न मिसळता ते घेणाऱ्या वर्कशॉपकडे परत द्यावे. सांडलेल्या जागेवर माती किंवा लाकडाचा भुसा टाकून तो उचलून घ्यावा आणि ती जागा भरपूर पाण्याने धुवावी.